बांबूच्या रानात कविता लिहायला जाताना

बांबूवरची माझी पहिली कविता मी पुण्यात, खोलीत बसून लिहिली. बांबू आतून पोकळ असतो म्हणून त्यातून सूर निघतो, माणसानेही तसंच रिकामं व्हावं, अशा अर्थाच्या 12 ओळी होत्या. पुढे कामानिमित्त गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या एका गावी मुक्काम पडला. रात्री जेवणं झाल्यावर कुणीतरी आग्रह केला आणि मी ती कविता वाचून दाखवली. सगळ्यांनी शांतपणे ऐकली. अंगणात एक आजोबा सूप विणत बसले होते. ते उठले, कुडाला टेकवलेली एक काठी घेतली, कोयत्याच्या एका घावात तिरपी छाटली आणि कापलेलं तोंड कंदिलापुढे धरलं.

"पाय बाबू, कुठं हाय पोकळ?"

मधोमध बारीकसं भोक होतं, करंगळीचं नखही शिरलं नसतं एवढं. बाकी सगळा भरीव, पिवळट, ओलसर गाभा.

तो मानवेल होता. विदर्भाच्या कोरड्या रानात जो बांबू सर्वांत जास्त आढळतो तो हाच, आणि तो बहुतेक भरीवच असतो. म्हणून तर त्याच्या लाठ्या होतात. माझी अख्खी कविता ज्या गोष्टीवर उभी होती तीच त्या रानात नव्हती. तेव्हापासून मी दरवर्षी तिकडे जातो. नव्याने लिहू लागलेले मित्र विचारतात की बांबूच्या बनात जाऊन काही सुचतं का, गेलो तर काय करायचं. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून काढतोय.

1. निघण्याआधी डोक्यातलं चित्र बाजूला ठेवा

बांबूचं बन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे क्योटोजवळच्या सागानोचा फोटो येतो. सरळसोट हिरवे खांब, मधून स्वच्छ पायवाट, वरून झिरपणारा उजेड. ते बन खरंच तसं आहे. 1996 साली जपानच्या पर्यावरण खात्याने देशातले जतन करण्याजोगे 100 ध्वनी निवडले, त्यात तिथल्या बांबूंमधून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाजही घेतला. जपानात राहणाऱ्या मराठी वाचकांनी जरूर त्या बनात जाऊन बसावं. पण आपल्याकडे हे चित्र शोधत निघालात तर हिरमुसून परत याल.

कारण साधं आहे. जपानी बांबूची मुळं जमिनीखाली धावत जातात आणि लांब लांब अंतरावर कोंब काढतात, म्हणून तिथे प्रत्येक काठी सुटी उभी दिसते. आपल्याकडच्या जातींचे गड्डे एकमेकांना चिकटून वाढतात. त्यामुळे आपल्याकडे बांबूचं बेट असतं. पन्नास-साठ काठ्यांची दाट गर्दी, बुडाशी पाचोळा, आत हातही शिरत नाही. मध्ये मोकळी जमीन, सागाची, मोहाची, तेंदूची झाडं, आणि मग दुसरं बेट. आपल्याला बांबूच्या आत शिरता येत नाही, त्याच्यापाशी बसावं लागतं. कवितेसाठी मला ही रचना जास्त जवळची वाटते. बेटाला चेहरा असतो, एक बेट दुसऱ्यासारखं नसतं.

2. नावं शिकून घ्या

"बांबू" हा एक शब्द घेऊन जंगलात जाणं म्हणजे "माणूस" हा एक शब्द घेऊन लग्नघरात जाण्यासारखं आहे. निदान एवढं तरी माहीत असू द्या.

मानवेल म्हणजे वर सांगितलेला भरीव बांबू. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट इथे हाच भेटतो. कटांग म्हणजे काटेरी, उंच, जाडजूड बांबू. हा मात्र पोकळ असतो. पश्चिम महाराष्ट्रात ह्यालाच कळक म्हणतात. नदी-ओढ्याच्या काठी ह्याची प्रचंड बेटं असतात आणि बुडाशी काट्यांचं असं कुंपण असतं की गुरंही वळसा घालून जातात. सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर दिसतो तो माणगा, त्यालाच घाटावर मेस म्हणतात. त्याला काटे नसतात, काठी सरळ असते आणि पुष्कळशी भरीव. सह्याद्रीच्या उतारावर चिवा असतो, बारीक, एकमेकांत गुंतलेला.

मग अवयवांची नावं. दोन गाठींमधलं ते कांडं. गाठ म्हणजे पेर, पण बोलताना लोक कांड्यालाही पेर म्हणतात आणि त्यात कुणाचं काही अडत नाही. कोवळा तो कोंब. विदर्भात खायच्या कोंबांना वास्ते म्हणतात आणि पावसाळ्यात वास्त्यांची भाजी घरोघरी होते. पिकलेली, हाताला घट्ट लागणारी काठी ती निबर. चिरून काढलेली पट्टी म्हणजे कामटी. निबर आणि कोवळा ह्या दोनच शब्दांत वयाची केवढी ओळख आहे बघा. कवितेत "परिपक्व बांबू" लिहिणारा आणि "निबर काठी" लिहिणारा, ह्या दोघांनी एकच रान पाहिलेलं नसतं.

जुने शब्दही सोबत असू द्या. वेळू आणि वेणू एकाच कुळातले. गडचिरोलीची हद्द ओलांडून तेलंगणात गेलात की बांबू वेदुरु ह्या नावाने भेटतो. संस्कृतात वंश म्हणजे बांबू, आणि वंश म्हणजे कूळही. हा योगायोग नाही, पेरामागून पेर चढत जाण्याची कल्पना दोन्हींत आहे. आणि कीचक. महाभारतातला कीचक सर्वांना ठाऊक असतो, पण अमरकोशात कीचक म्हणजे वाऱ्याने वाजणारा वेळू. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तो आवाज मी ऐकला आहे.

3. जागा कुठली, आणि कुणाला विचारून

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकट्याने घनदाट जंगलात जाऊ नये. गडचिरोली-चंद्रपूरच्या रानात वाघ आणि अस्वल आहेत, आणि बांबूच्या दाटीत दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर मुळीच जाऊ नका. गावातल्या माणसाला सोबत घ्या, त्याच्या दिवसाच्या मजुरीएवढे पैसे आधी ठरवून द्या, आणि तो म्हणाला "आज नको" तर कारण न विचारता परत फिरा. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पात गाभा क्षेत्रात पायी फिरता येत नाही, आणि कोंब फुटतात त्या पावसाळ्याच्या महिन्यांत ते क्षेत्र पर्यटकांना बंदच असतं. तिथे कवितेसाठी जायचं तर बाहेरच्या गावांमध्ये राहा. वनखात्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर आधी चौकशी करा.

खरं तर गावाच्या शिवेवरचं, ओढ्याकाठचं एक बेट पुरेसं आहे. कोकणात कुणाच्या तरी बांधावरचं माणग्याचं बेट चालेल, मालकाला विचारून. आंबोलीच्या परिसरात चिवा आहे. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही बांबू भेटतो. मेळघाटात चिखलदऱ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला बेटं लागतात.

पावसाळ्यात बसण्याआधी आडव्या फांद्या नीट पाहून घ्या. सह्याद्रीत चापडा नावाचा हिरवा विषारी साप बांबूवरही राहतो आणि पानांत पान होऊन जातो. हात टेकवताना आधी नजर टेकवायची, ही सवय लावून घेतलीत तर जीवही वाचतो आणि नजरही तयार होते. जळवा आणि गोचिडांसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब मोजे.

आणखी एक. कोंबाच्या अंगावरचं तपकिरी वेष्टन दिसायला मखमली असतं, पण त्यावर बारीक कुसं असतात. मी पहिल्या वर्षी ते हौसेने गालाला लावून पाहिलं. दोन दिवस आग होत होती.

4. सोबत काय न्यायचं

वही, शिसपेन्सिल (पावसात शाई पसरते), प्लॅस्टिकची पिशवी, पाणी, बसायला गोणपाट, दोऱ्याची रीळ. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी. फोटो काढायचा असेल तर शेवटी, निघताना एक. आधी काढलात तर डोळे काम थांबवतात, पाहिलेलं फोनने सांभाळलंय असं त्यांना वाटतं.

5. पहिला तास फक्त कान

बेटापासून चार-पाच पावलांवर गोणपाट टाका, पाठ एखाद्या झाडाला टेकवा आणि डोळे मिटा. एक तास लिहायचं नाही.

पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या मनात "सळसळ" हा शब्द येईल. तो येऊ द्या आणि जाऊ द्या. सळसळ हा शब्द पिंपळालाही लागू पडतो, उसालाही, रेशमी साडीलाही. बांबू जे करतो ते त्याहून बारीक आहे आणि ते ऐकू यायला वेळ लागतो.

मला ऐकू आलेलं सांगतो. उंचावर दोन काठ्या एकमेकींवर रेलून वाढलेल्या असतात. वारा आला की त्या घासतात आणि जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज येतो, कर्र... कुईं... मग बराच वेळ काही नाही. वारा पडल्यावरही हा आवाज एकदा येतो, कारण काठी आपल्या जागी परत येत असते. पाऊस थांबून गेल्यावर पानांच्या टोकांवर थेंब अडून राहतात, आणि मोकळ्या माळावर पाऊस संपलेला असताना बेटाखाली तो अर्धा-पाऊण तास चालूच असतो. आणि एक आवाज मला ओळखायला दोन वर्षं लागली. वरून टक्, मग थोडं खाली टक्, मग पुन्हा टक्, आणि शेवटी पाचोळ्यावर फस्. नव्या काठीची वाळलेली खोळ गळून काठ्याकाठ्यांवर आपटत खाली येते तो आवाज. मी आधी त्याला पक्षी समजत होतो.

आता कीचक. कटांगाच्या बेटात वाळलेल्या पोकळ काठ्या असतात. भुंगे त्यांना वाटोळी भोकं पाडून आत घर करतात. अशा काठीवरून वारा विशिष्ट दिशेने गेला की ती फुंकर मारल्यासारखी वाजते. सूर नसतो तो, एक लांब, खालचा हुंकार असतो. मी दोनदाच ऐकला, दोन्ही वेळा फेब्रुवारीत, दुपारी. अंगावर काटा आला. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी हेच ऐकलं आणि त्याच्यासाठी वेगळा शब्द केला, हे त्या क्षणी कळलं.

तास संपला की वही उघडा आणि ऐकलेले आवाज लिहा. उपमा नकोत. कुठून आला, किती वेळ टिकला, आधी काय होतं, नंतर काय होतं. मराठीला नादशब्दांची ददात नाही: करकर, कुरकुर, खडखड, टपटप, किर्र, सुरसुर. ह्यातला कुठला नेमका, ह्यावर थांबा. कुठलाच बसत नसेल तर आवाज अक्षरांत जसा येईल तसा लिहा.

6. एकच काठी निवडा

दुसरा टप्पा नजरेचा. अख्ख्या बेटाकडे पाहू नका, एक काठी निवडा आणि तिच्यावर अर्धा तास काढा.

ती ह्या वर्षीची असेल तर हिरवीगार असेल आणि तिच्यावर पांढरी पूड असेल. बोट फिरवलं की पूड निघते आणि खाली काचेसारखा गुळगुळीत हिरवा रंग दिसतो. पेराशी खोळीचा तुकडा अजून चिकटलेला असेल. मागच्या वर्षीची असेल तर पूड गेलेली, फांद्या फुटलेल्या. तीन वर्षांपुढची काठी मळकट पिवळट होते, अंगावर दगडफुलासारखे राखाडी ठिपके येतात, टिचकी मारली तर आवाज कोरडा येतो. तोडणारे लोक हे एका नजरेत ओळखतात. तोडायची ती निबर, कोवळ्याला हात लावायचा नाही, आणि कोवळ्याला आधार म्हणून काही निबर काठ्या मुद्दाम राखायच्या.

म्हणजे एका बेटात चार-पाच वर्षांच्या पिढ्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. वंश ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ तुमच्यासमोर असतात. पण लगेच कवितेत टाकू नका, आधी मोजा: किती काठ्या ह्या वर्षीच्या, किती जुन्या, किती वाळलेल्या. मोजण्याने माणूस शांत होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर कोंब भेटेल, आणि तो भेटला तर बाकी सगळं सोडून त्याच्यापाशी बसा. बांबू हे गवत आहे. झाडासारखा तो दरवर्षी जाड होत नाही. कोंब जमिनीतून जेवढ्या जाडीचा निघतो तीच त्याची आयुष्यभराची जाडी, आणि उंचीही तो त्या एकाच पावसाळ्यात गाठतो. पुढची सगळी वर्षं फक्त फांद्या, पानं आणि घट्ट होत जाणं. वाढ एका हंगामात उरकायची आणि मग बाकीचं आयुष्य निबर होण्यात घालवायचं: ही गोष्ट मला जेव्हा नीट कळली तेव्हा मी पंचेचाळिशीत होतो, आणि त्या रात्री झोप आली नाही.

एक प्रयोग करा. संध्याकाळ व्हायच्या आत कोंबाशेजारी एक वाळकी काडी रोवा आणि कोंबाच्या टोकाच्या उंचीवर तिला दोरा बांधा. सकाळी ऊन वर आल्यावर परत येऊन पाहा. चांगल्या पावसात टोक दोऱ्याच्या बरंच वर गेलेलं दिसेल. काय वाटलं ते वहीत लिहू नका. दोरा कुठे, टोक कुठे, तेवढंच लिहा.

7. ज्यांचं हातावरचं पोट बांबूवर आहे त्यांच्याशी बोला

ही पायरी गाळायची नाही. बांबूच्या रानात कविता शोधणारे आपण शेवटी पाहुणे. तिथे राहणाऱ्यांसाठी बांबू म्हणजे घराचा कूड, छपराचे वासे, सूप, टोपली, डालगं, धान्याची कणगी आणि हातात येणारे पैसे. गावोगावचे बुरूड कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. त्यांच्याकडे बसा, काम थांबवायला सांगू नका, आणि एखादी वस्तू योग्य दाम देऊन विकत घ्या.

ज्या आजोबांनी माझी कविता कोयत्याने छाटली, त्यांच्यापाशी मी पुढे कितीतरी दुपारी बसलो. एकदा विचारलं, "बाबा, कामटी एवढी सारखी कशी निघते?" ते म्हणाले, "आपुन नाई काढत बाबू. तो जिकडं फाटते तिकडं आपुन जायाचं." त्यांचा डावा अंगठा सतत कामटीच्या खालून सरकत होता, पातं जरा तिरकं झालं की अंगठा दाबायचा आणि चीर परत मधोमध यायची. अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडलेला, त्यावर बारीक काळ्या रेघा. हे पाहिल्यावर मी ओळ कुठे तोडायची ह्याचा वेगळा विचार करू लागलो.

बांबूचा कायदाही थोडा माहीत असावा. 1927 च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू घातला होता. गवत असूनही तो कागदावर झाड ठरला. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूपुरतं हे 2017 मध्ये बदललं. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात, म्हणजे जंगलातल्या लोकांनी गोळा करून विकायच्या वस्तूंत, आणला, आणि धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकून बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. आपल्याच रानातली काठी आपणच विकायची, ह्यासाठी त्या लोकांना किती काळ चिकाटी धरावी लागली. "आमच्या गावात आम्हीच सरकार" हे त्यांचं वाक्य मी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवलंय. आणि वहीचा कागद? बल्लारपूरच्या कागद गिरणीत कित्येक दशकं ह्याच रानांतला बांबू गेला. लिहिताना ते आठवतं.

8. झिजलेल्या प्रतिमा शेवटच्या पानावर

वहीचं शेवटचं पान ह्यासाठी राखून ठेवा. तिथे लिहा: पोकळपणा म्हणजे निरहंकार. वाकणं म्हणजे नम्रता. बासरी आणि कृष्ण. पाळण्यापासून तिरडीपर्यंत साथ. ह्या खोट्या नाहीत. इतक्या जणांनी इतक्या वेळा वापरल्यात की त्या हाताला लागतच नाहीत. त्या पानावर टाकल्या म्हणजे मन मोकळं होतं. पुढे कधी त्यातली एखादी तुम्हाला स्वतः पाहिलेल्या तपशिलातून परत भेटली तर खुशाल वापरा.

पडताळाही घ्या. वाकणं म्हणजे नम्रता लिहायचं असेल तर वादळानंतर बेटापाशी जा. काही काठ्या वाकलेल्या असतात, काही चिरफाळलेल्या असतात, आणि चीर बहुधा कांड्यातून उभी जाते. बासरीबद्दल लिहायचं असेल तर लांब कांड्याचा, पातळ भिंतीचा बांबू लागतो हे माहीत असू द्या. मानवेलाची बासरी होत नाही. कटांगाच्या कांड्यात कधी कधी पांढरे खडे सापडतात, वंशलोचन, जे सितोपलादी चूर्णात घालतात. काठी हलवली की आत खुळखुळतं. पोकळीवरच लिहायचं असेल तर रिकामेपणाइतकंच हेही तिच्यात असतं.

9. आता लिहा

घरी किंवा मुक्कामावर आल्यावर, त्याच दिवशी. मुक्तछंदात लिहा, हायकूच्या तीन ओळीत लिहा, काहीही चालेल. पण नवशिक्याला मी एकदा तरी अभंगाचा छंद घ्यायला सांगतो. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. जागा एवढी थोडी की ऐकीव गोष्टींना वाव राहत नाही. कानालाही हा छंद परका नाही, लहानपणापासून ओळखीचा आहे.

कोंबावर मी पहिल्यांदा लिहिलेलं कडवं हे:

दडलेला कोंब । पावसाने हाले ।
टोक वर आले । मातीतून ॥

अक्षरं बरोबर, यमक बरोबर, आणि तरी कडवं पडलेलं. कारण कोंब हलत नाही. तो अगदी ताठ, घट्ट असतो. "हाले" हा शब्द "आले" ला जोडी म्हणून आला, डोळ्यांनी दिला नाही. शिवाय मातीतून टोक वर येणं हे हरभऱ्याचंही होतं. ह्यात बांबू कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसलो. तेव्हा दिसलं की कोंबाने वर येताना पाचोळ्यातलं एक वाळकं पान टोकावर उचललं होतं. भोक न पडता ते तसंच डोक्यावर टोपीसारखं राहिलं होतं. संध्याकाळी होतं, सकाळीही होतं.

डोईवर पान । वाळले गळले ।
कोंबाने पेलले । रात्रभर ॥

सकाळी पाहतो । पान तसे वर ।
कोंब वीतभर । वाढलेला ॥

हे काही थोर काव्य नाही. पण ह्यातला प्रत्येक शब्द मी हात लावून पाहिला आहे. गळलेलं पान नव्या कोंबाने डोक्यावर घेणं, ह्याचा अर्थ काय ते मी लिहिलं नाही, वाचणाऱ्याला ते आपोआप पोचतं. तुमचं पहिलं कडवं पडलं तर ते फाडू नका. त्यातला खोटा शब्द शोधा, बहुधा तो यमकाच्या जागी असतो, आणि त्या शब्दाची चौकशी करायला परत बेटापाशी जा.

10. तेच बेट, वेगळा महिना

नव्या जागा शोधत फिरू नका. एकच बेट धरा आणि वर्षातून निदान तीनदा जा. पावसाळ्यात कोंबासाठी. दिवाळीनंतर, जेव्हा नव्या काठ्या फांद्यांवाचून उघड्या उभ्या असतात आणि तोडणीची लगबग सुरू होते. आणि मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा मानवेलाची पानं गळतात, पाचोळा पायाखाली फुटतो, मोहाचा वास असतो आणि लांब कुठेतरी वणव्याचा धूर दिसतो. धूर दिसला तर लगेच गावाकडे फिरा आणि सांगा.

बांबूचं फूल पाहायला मिळेल की नाही हे आपल्या हाती नाही. कटांग साधारण 40 ते 50 वर्षांतून एकदा फुलतो. मानवेलालाही काही दशकं लागतात. फुलतं तेव्हा अख्खं बेट फुलतं, बी धरतं आणि मरतं. एकाच बियाण्यातून वाढलेली बेटं दूरदूर असली तरी बरेचदा एकाच सुमारास फुलतात. फूल म्हणून डोळ्यांत भरेल असं त्यात काही नसतं. गवताच्या तुऱ्यासारखं, भुसकट रंगाचं, वास नसलेलं. बी तांदळासारखं, लोक ते गोळा करून शिजवून खातात. उंदीरही खातात आणि माजतात. मिझोराममध्ये 1959 च्या सुमारास असाच बांबू फुलला, उंदरांनी शेतं फस्त केली आणि दुष्काळ पडला; 48 वर्षांनी, 2006-07 च्या सुमारास तो पुन्हा फुलला. जाणती माणसं बांबू फुलला की गप्प का होतात ते ह्यातून कळतं. "बांबूला फुलं आली" ही ओळ आनंदाने लिहिण्याआधी कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा.

मी आजोबांना विचारलं होतं, हे ओढ्याकाठचं कटांगाचं बेट कधी फुललेलं आठवतं का. त्यांनी हातातली कामटी खाली ठेवली. "मी एवढा होतो," त्यांनी कमरेएवढा हात धरला, "मायनं पोतंभर बी आनलं होतं. भात सारखंच लागते." मग थोडं थांबून म्हणाले, "आता येईल. तू ये पाहाले."

गेल्या जुलैत गेलो तेव्हा ते नव्हते. बेट फुललेलं नव्हतं. बुडाशी नवे कोंब मोजले, 11 भरले. त्यातल्या दोघांच्या टोकावर पान होतं.